फोन काढून घ्याल, पण लेकरानं सांगायचं कुणाला?

आमच्या गावच्या ग्रामसभेत मागं एक विषय निघाला. सोळा वर्षांच्या आतल्या पोरांना मोबाईल बंद करायचा ठराव घ्या, आन् ज्याच्या घरचं पोरगं फोनवर दिसल त्याच्या बापाला पाचशे रुपये दंड लावा. कुणीतरी पेपरात ऑस्ट्रेलियाचं वाचलं होतं, तिथं १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, स्नॅपचॅटवर खातं ठेवता येत नाही, मग आपण का करू नये. दुसऱ्या अंगानं चार-दोन तरुण उठले, जग कुठं चाललंय आन् तुम्ही गाव कुठं न्यायलाव म्हणाले. दीड तास नुसता कल्ला, पाण्याच्या टाकीचा विषय तसाच राहिला. मी शाळेत शिकवतो म्हणून मला बी विचारलं, सर तुम्हीच सांगा, द्यावा का नाही द्यावा. मला तिथं उभं राहून नीट बोलता आलं नाही. दोन्हीकडचे लोक ज्या प्रश्नावर भांडत होते तो प्रश्नच मला पटत नव्हता, आणि का पटत नाही हे दोन वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आता सविस्तर लिहायलोय.

माझं म्हणणं असं. फोनवर काही वाईट घडलं तर त्याच रात्री लेकरू घरात कुणाला सांगू शकतं, हे आधी विचारा. ज्या घरात याचं उत्तर "कुणालाच नाही" असं आहे त्या घरातलं लेकरू बंदी घातली तरी धोक्यात आहे आणि महागातला फोन घेऊन दिला तरी तेवढंच धोक्यात आहे. पासवर्ड कसा ठेवावा, कुणाची रिक्वेस्ट घेऊ नये, हे सगळं शिकवायचंच आहे, पण त्याच्या आधी ही सांगायची वाट मोकळी पाहिजे. आणि ती वाट लेकरांनी बंद केलेली नाही, आपण मोठ्यांनी काटे टाकून बंद करून ठेवलीय.

हे मी कशावरून म्हणतो ते सांगतो. दिवाळीनंतर नववीतली एक पोरगी शाळेत यायची बंद झाली. गणितात वर्गात तिच्या पुढं कुणी नाही. मला वाटलं घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेली असेल, आमच्याकडं दिवाळी झाली की टोळ्या निघतात आन् वर्ग निम्मा रिकामा होतो. पण तिचं घर काही कारखान्यावर जाणारं नव्हतं, म्हणून मी एका संध्याकाळी घरी गेलो. बाप ओसरीवर बसलेला. म्हणला, सर, शाळा बंद केली तिची. काहून हो नाना? तर म्हणला, फोन बी घेतला आन् शाळा बी बंद केली, पाव्हण्यारावळ्यात तोंड दाखवायची सोय ठिवली नाही तिनं. झालं होतं असं की मागच्या गॅदरिंगमधला तिचा नऊवारीतला फोटो तिच्या चुलतभावानं कौतुकानं स्टेटसला ठेवला होता, तो कुणीतरी घेऊन तिच्या नावानं इन्स्टाग्रामवर बनावट खातं काढलं, आणि त्या खात्यावरून गावातल्या, पाहुण्यांतल्या पोरांना घाणेरडे मेसेज जायला लागले. ते एका मामापर्यंत गेलं, मामानं बापाला फोन केला, आन् त्या रात्री घरात जे व्हायचं ते झालं.

पोरगी आत स्वयंपाकघराच्या दारात सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती, मान वर नाही. मी विचारलं, बाळा, तुला हे कधी कळलं? ती सुपाकडं बघूनच म्हणली, तीन आठवडे झाले होते सर. मग कुणाला बोलली का नाहीस? तेव्हा तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "मी सांगितलं असतं तरी हेच झालं असतं ना सर." तिच्या थोरल्या चुलत बहिणीला दोन वर्षांखाली एका अनोळखी नंबरवरून सारखे मिसकॉल यायचे, तिनं आईला सांगितलं, आणि तिची शाळा त्याच महिन्यात सुटली होती. हिनं ते डोळ्यानं बघितलेलं. म्हणजे ही पोरगी मूर्ख नव्हती की भाबडी नव्हती, तिनं बरोबर हिशोब केला होता. सांगितलं तर शाळा जाते, नाही सांगितलं तर कदाचित वाचते. आपल्या घरांनी तिला हे गणित शिकवलं, आणि ती तर गणितात हुशारच होती.

हे बनावट खातं कुणी काढलं होतं? तिच्याच वर्गातल्या दोन पोरांनी. चौदा वर्षांची पोरं. एक जण माझ्यासमोर रडत म्हणाला, सर, गंमत केली, किती जण फसतात बघू म्हणलं. त्या पोराला आपण नऊ वर्षं शाळेत काय काय शिकवलं असेल, पण दुसऱ्याचा फोटो ही त्याची वस्तू असते, ती विचारल्याशिवाय उचलायची नसते, हे एकदाही कुणी शिकवलं नव्हतं. मी बी नाही. हे मी पहिल्यांदा कबूल करतो.

आता जरा या धंद्याकडं बघा. फोटो दाखवून पैसे उकळणारे, व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून धमकावणारे, मॉर्फ केलेली चित्रं पाठवणारे, या सगळ्यांचा पहिला मेसेज काय असतो? "तुझ्या घरच्यांना पाठवतो." त्यांच्याकडं भांडवल म्हणून फक्त एवढंच असतं, घरी कळायची भीती. फोटो खरा असो, खोटा असो, एआयनं बनवलेला असो, काही फरक पडत नाही, भीती खरी असली की बास. मग आपण घरात जितका धाक वाढवू तितकं भांडवल आपण कुणाच्या खिशात घालतोय? ज्या पोरीला माहीत आहे की बापाला कळलं तर तो आधी माझ्या मागं उभा राहील, तिला "बापाला सांगतो" म्हणून कोण आणि कसं घाबरवणार? पोरांचं पण तेच आहे, पोरगा असला म्हणून सुटत नाही. उलट पोरं तर शरमेनं पोरींपेक्षा जास्त गप्प राहतात, पैसे भरत राहतात, आईच्या खात्यातून, बापाच्या फोनपेवरून, आणि शेवटी कुठल्या टोकाला जातात ते आपण बातम्यांत वाचतो.

बंदीवाल्यांचा मुद्दा मी हलका समजत नाही. आपल्या मराठवाड्यातच, धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यात जकेकूरवाडी म्हणून गाव आहे, तिथं २०२२ साली ठरलं की संध्याकाळी ६ ला भोंगा वाजला की ८ पर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद. सांगलीतल्या मोहित्यांचे वडगावनं त्याच वर्षी ७ ते साडेआठ असा वेळ ठेवला. यवतमाळच्या बान्सी गावानं तर अठराच्या आतल्यांना मोबाईल नको असाच ठराव घेतला. पहिल्या दोन गावांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्याचं कारण भोंग्यात नाही, भोंगा सगळ्यांसाठी वाजतो यात आहे. बाप बी रील बंद करतो, आई बी सिरीयल बंद करते. लेकरू अभ्यासाला बसलंय आन् घरातलं कुणीतरी त्याच्याशी बोलायला मोकळं आहे, असे दोन तास गावात तयार होतात. मी सांगायची वाट म्हणतो ती अशाच वेळात तयार होते. पण आमच्या ग्रामसभेत ठराव मांडणाऱ्यांपैकी एकानंही असं म्हणलं नाही की मोठ्यांनी पण दोन तास फोन ठेवू. सगळी शिस्त फक्त लेकरांना, आणि ठराव वाचून दाखवताना वाचणाऱ्याच्याच खिशात फोन तीनदा वाजला.

दुसरं, ऑस्ट्रेलियाचं नाव घेणाऱ्यांनी तो कायदा पूर्ण तरी वाचायला पाहिजे होता. तिथं दंड कुणाला आहे? कंपनीला, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. लेकराला नाही आणि आईबापालाही नाही. म्हणजे तिथल्या सरकारनं निदान एवढं तरी मान्य केलं की हे ॲप पोरांना चिकटवून ठेवायलाच बनवलेले आहेत, तर जबाबदारी बनवणाऱ्याची. आपण नाव त्यांचं घेतो आणि दंड लावतो रोजंदारीवर जाणाऱ्या बापाला. आपल्याकडं पण कायदा आहे, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, त्यात अठराच्या आतल्यांचा डेटा घ्यायचा तर आईबापाची संमती पाहिजे, पोरांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत, आणि मोडलं तर कंपनीला २०० कोटींपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमलाला अजून मुदत आहे. कायदा हवाच, मी त्याच्या बाजूनं आहे. पण आमच्याकडं ती संमती कोण देणार हे मला दिसतंय. बापाच्या फोनवर ओटीपी येणार, आणि तो ओटीपी वाचून टाकणार तेच चौदा वर्षांचं पोरगं, कारण बापाचा फोन चालवतंच ते.

आणि इथंच बंदीचं म्हणणं आपल्या भागात तरी कोसळतं. आमच्या घरांत फोन कोण चालवतं ते एकदा बघा. ई-पीक पाहणी २०२१ पासून सुरू झाली, बांधावर उभं राहून ॲपमध्ये सोयाबीनचा फोटो काढायचा, तो अपलोड झाला की सातबाऱ्यावर पीक चढतं. हे काम आमच्याकडं आठवी-नववीची पोरं करतात. आजोबा बांधावर काठी टेकून उभे, आणि नातू फोन वर धरून रेंज शोधत इकडून तिकडं फिरतोय, हे चित्र मी दर खरिपाला बघतो. पीकविमा, अतिवृष्टीच्या अनुदानाची केवायसी, आईची लाडकी बहीणची केवायसी, अकरावीचा फॉर्म जो २०२५ पासून अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाला, सगळं पोरांच्या बोटावर. लाडकी बहीणच्या केवायसीच्या वेळी हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या बनावट साईटी फिरत होत्या, तेव्हा आईचा आधार नंबर कुठल्या साईटवर टाकायचा हे ठरवणारी व्यक्ती त्या घरात तेरा वर्षांची होती. या लेकराच्या हातातून फोन काढून घ्या म्हणणं म्हणजे घरातला एकुलता एक वाचता येणारा माणूस घराबाहेर काढण्यासारखं आहे. आपण त्याच्यावर घरचा सगळा व्यवहार टाकलाय, मग त्याला त्या व्यवहाराचं शिक्षण देणं आपल्यावर लागत नाही का? आणि हा फोन घरात आणला कोणी? मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा आम्हीच, शाळावाल्यांनीच, घरोघर निरोप दिला की स्मार्टफोन घ्या, अभ्यास व्हॉट्सॲपवर येणार आहे. आमच्या गावात शेळी विकून फोन घेतलेलं घर मला माहीत आहे. तेव्हा कुणी विचारलं नाही की याच्यातून अजून काय काय येणार आहे.

पोरींच्या बाबतीत तर मला यात फार जुनी गोष्ट दिसते. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली त्या काळात काय म्हणत होते लोक? बाई शिकली तर अक्षरांच्या अळ्या होऊन नवऱ्याच्या ताटात पडतील. आणि अळ्यांवर विश्वास नसलेले जरा शहाणे लोक म्हणायचे की लिहायला आलं की परपुरुषाला चिठ्ठ्या लिहील. आता कुणी म्हणेल की पाटी-पेन्सिल आणि मोबाईल एक कसे, पाटी काही कंपनीनं पोरांना नादी लावायला बनवली नव्हती. बरोबर आहे, हा फरक मी मान्य करतो, मोबाईलचा धोका अळ्यांसारखा कल्पनेतला नाही. पण उपाय कुणाच्या अंगावर पडतो ते बघा, तो तेव्हाही आणि आताही पोरीच्याच अंगावर. चिठ्ठी पुरुष लिहिणार म्हणून पुरुषाची पाटी कुणी फोडली नाही. आमच्या वर्गातल्या त्या दोन पोरांचे फोन आठ दिवसांत परत मिळाले, शाळा तर एक दिवस बुडाली नाही. आणि जिचा फोटो चोरला ती डाळ निवडत बसली. असर २०२४ चा सर्व्हे बघा, म्हणजे खेड्यातल्या लेकरांच्या शिक्षणाची देशभरातली पाहणी, १४ ते १६ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या पोरांत स्वतःचा फोन असणारे मुलगे ३६ टक्के आणि मुली २७ टक्के. फोनच ज्यांच्या हातात कमी त्यांना तो सांभाळायला शिकायची संधी पण कमी, आणि मग पुढं कॉलेजला लातूरला, नांदेडला, संभाजीनगरला हॉस्टेलवर गेली की एकदम हातात फोन, एकदम सगळं जग, आणि विचारायला शेजारी कुणी नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या तरुणांकडं येतो, जे म्हणतात पोरं आपोआप शिकतात, तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. त्यातलं अर्धं खरं आहे. मला रील एडिट करता येत नाही, सातवीतल्या पोराला येते. त्याच असरच्या आकड्यांत या वयाची ८२ टक्के पोरं म्हणतात की आम्हाला स्मार्टफोन वापरता येतो. पण सोशल मीडिया वापरणाऱ्यांत एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे माहीत असणारे ६२ टक्केच, आणि आपलं खातं प्रायव्हेट कसं करायचं हे माहीत असणारे ५५. म्हणजे दार उघडता सगळ्यांना येतं, कडी लावता जेमतेम निम्म्यांना. आपोआप जे शिकलं जातं ते चालवणं. थांबणं आपोआप येत नाही, ते कुणालाच आलेलं नाही, आपल्याला तरी कुठं आलं.

कारण मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा व्हॉट्सॲपवर फिरल्या तेव्हा त्या पुढं ढकलणारी पोरं नव्हतीच. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, मंगळवेढ्याकडची, पोटासाठी फिरत आलेली, मुलं पळवणारी टोळी म्हणून जमावानं ठेचून मारली. त्याच्या आधीच्याच महिन्यात आपल्या वैजापूर तालुक्यात चांडगावला दरोडेखोर असल्याच्या संशयानं जमावाच्या मारानं दोघांचा जीव गेला. ते मेसेज कुणी पाठवले होते? तुमच्या-माझ्यासारख्या बायकापोरं असलेल्या माणसांनी, काळजीपोटी, "खबरदारी म्हणून" पाठवले. त्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करायची मर्यादा आणली, पण बोटाला मर्यादा आणली, मनाचं काय? अफवेला इंटरनेट लागतंच असं पण नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला तेव्हा माझ्या लहानपणी आमच्या गावात मोबाईल तर सोडा, साधा फोन पण दोनच ठिकाणी होता, तरी दुपारपर्यंत मारुतीच्या देवळासमोर वाट्या-चमचे घेऊन रांग लागली होती. मी पण त्या रांगेत होतो, आईचं बोट धरून. दूध सांडलं, कुणाचा जीव गेला नाही. राईनपाड्याला गेला. फरक एवढाच की आता प्रत्येक माणूस रांगेतला पण आहे आणि निरोप्या पण आहे. म्हणून मी म्हणतो की पोरांना फक्त "जपून रहा" शिकवणं पुरत नाही, त्यांच्या हातून दुसऱ्याचं काय होऊ शकतं हे शिकवायला पाहिजे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ग्रामपंचायत ते संसद सगळं आहे, पण पोरगं दिवसात सगळ्यात जास्त वेळा जो सार्वजनिक निर्णय घेतं, हे पुढं पाठवू का नको, त्यावर आम्ही तास घेत नाही.

कायद्याचं अज्ञान तर भयंकर आहे, आणि त्याची किंमत गरीब घरं मोजतात. वर्गमैत्रिणीचा तसला फोटो फोनमध्ये ठेवणं, पुढं पाठवणं हा गुन्हा आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६७ ब कलम आहे, लेकरांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लहान मुलांचं असलं साहित्य नुसतं बाळगण्याबद्दल सुद्धा कडक निकाल दिलाय. पोरांना वाटतं, मी थोडाच काढला, मला तर ग्रुपवर आला. दुसरं, बँकेचं खातं भाड्यानं देणं. भरतीची, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं, खोलीभाडं थकलेलं, कुणीतरी म्हणतं तुझं खातं आणि सिम दे, महिन्याला चार-पाच हजार देतो. खात्यातून कुठल्या म्हाताऱ्याची आयुष्याची पुंजी फिरून गेली हे पोराला कळत नाही, आणि दुसऱ्या राज्याचे पोलीस दारात येतात तेव्हा ज्या वर्दीसाठी पोरगं पहाटे चारला उठून पळत होतं त्या वर्दीचा रस्ता संपलेला असतो. कुणी एकानं, एकदा, बारावीच्या वर्गात हे पंधरा मिनिटं सांगितलं असतं तर?

एक आक्षेप मात्र असा आहे की त्याला मी सगळ्यात जास्त मान देतो. आमचे एक जुने सहकारी म्हणतात, "जबाबदार डिजिटल नागरिक" हा शब्द आला की मला भीती वाटते, कारण जबाबदार म्हणजे गप्प, असं पोरांना शिकवलं जाईल. त्यांची भीती खोटी नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका साध्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, मुंबई बंदबद्दल एकीनं लिहिलं आणि दुसरीनं लाईक केलं एवढ्यावरून, आणि ज्या ६६ अ कलमाखाली असल्या अटका व्हायच्या ते कलम पुढं मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्दच केलं. आपल्या मराठवाड्याला तर हे वेगळं सांगायला नको. निजामाच्या राज्यात गश्ती निशाण ५३ नावाचं फर्मान होतं, सभा घ्यायची तर आधी परवानगी काढा. आपल्या आजे-पणज्यांनी त्याच्यातून वाट काढली, वाचनालयं काढली, व्यायामशाळा काढल्या, बोलायची जागा तयार केली. त्या लोकांच्या नातवंडांना आपण "ऑनलाइन काही बोलू नका" हा धडा देणार असू तर तो धडा न दिलेला बरा. एखाद्या पोरानं गावातल्या बंद पडलेल्या नळ योजनेचा फोटो टाकला, तारीख लिहिली, ठिकाण लिहिलं, शिवी दिली नाही, कुणाच्या जातीवर गेला नाही, तर ते नागरिकत्वच आहे, आणि त्या पोराच्या पाठीशी शाळेनं उभं राहायला पाहिजे. त्याच पोरानं दुसऱ्या समाजाला डिवचायला स्टेटस ठेवलं, जसं जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून सगळं शहर पेटलं, तर तिथं त्याला थांबवायला पाहिजे. या दोन्हीतला फरक दाखवणं हेच तर शिक्षण. तो फरक दाखवायला बसून बोलावं लागतं, उदाहरणं घ्यावी लागतात, पोरांनी उलट विचारलेलं ऐकून घ्यावं लागतं. फलकावर "सोशल मीडियाचा जबाबदारीने वापर करा" लिहून ते होत नाही.

मग करायचं काय. वर्षातून एकदा पोलीस साहेब येतात, तासभर सांगतात, टाळ्या होतात, हार होतो. ते वाईट नाही, पण बाराशे पोरं उन्हात बसलेली असताना कुठली पोरगी उठून म्हणेल की माझ्याबरोबर असं झालंय? मी गेल्या वर्षापासून शनिवारी शेवटच्या तासाला एका वेळी वीस-पंचवीस पोरं घेऊन बसतो, फोन एकच, माझा. त्यावर दाखवतो की ब्लॉक इथून करायचं, खातं प्रायव्हेट इथून. धमकी आली तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट डिलीट करायची नाही, त्या माणसाच्या प्रोफाइलचा आणि मेसेजचा स्क्रीनशॉट घ्यायचा, मग ब्लॉक. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन, जितक्या लवकर तितकं बरं, पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतो. लेकरू संकटात असेल तर १०९८ ही लेकरांची हेल्पलाईन, रात्री-अपरात्री कधीपण. अठराच्या आतल्या कुणाचा तसला फोटो फिरायची भीती असेल तर टेक इट डाऊन नावाची फुकट सेवा आहे, तिथं फोटो पाठवावा लागत नाही, फोनमध्येच त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि त्यात सामील असलेल्या इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या कंपन्या तो ठसा जुळवून फोटो अडवतात. हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका पोरीनं नाव परत विचारलं, सर परत सांगा, आणि तळहातावर लिहून घेतलं. कशासाठी ते मी विचारलं नाही.

आणि मग मी त्यांच्याकडून बोलायची तालीम करून घेतो. खरंच तालीम, नाटकात असते तशी. एक जण आई होतो, एक जण मुलगी. "आई, मला तुला काहीतरी सांगायचंय, आधी पूर्ण ऐक, मग बोल." पहिल्यांदा सगळे हसतात, मग आई झालेलं पोरगं हमखास ओरडतं, "तरी मी म्हणतच होते, आण तो फोन इकडं", सगळा वर्ग परत हसतो, कारण प्रत्येकाच्या घरातलं वाक्य तेच आहे. आणि मग शांतता होते.

सहकारी म्हणतात वेळ कुठाय, आधीच जनगणना, निवडणूक, शाळेबाहेरची शंभर कामं, वर हे ऑनलाइन फॉर्म. त्यांचं खरं आहे आणि सरकारनं ते ऐकलं पाहिजे, शिक्षकाला तास आणि प्रशिक्षण दोन्ही दिलं पाहिजे, नुसतं परिपत्रक नको. पण सगळ्याला वेगळा तास लागत नाही. मराठीच्या तासाला एक फिरणारा मेसेज उताऱ्यासारखा फळ्यावर लिहा, कोणी सांगितलं, कधी, कुठं, कशावरून, एवढे चार प्रश्न लावा, आकलनाचे प्रश्न तसे पण घेतोच ना आपण. गणितात "रोज ५ टक्के परतावा" म्हणजे दहा हजाराचे वर्षात किती होतात ते काढायला लावा, पोरांच्या वहीतला आकडा बघून पोरांनाच कळतं की असा धंदा जगात असू शकत नाही. इतिहासाला साधनं शिकवतोच, अस्सल कोणतं आणि बनावट कोणतं.

ती पोरगी शाळेत परत आली, हेडसरांनी आणि मी चार चकरा मारल्यावर, पंधरा दिवस बुडवून. खातं रिपोर्ट करून बंद झालं. तिला फोन अजून दिलेला नाही. मागच्या पालक सभेत मी सगळ्या पालकांना एक विनंती केली, आपल्या लेकराला शेजारी उभं करा आणि सगळ्यांसमोर एवढं म्हणा, "काही झालं तर मला सांग, मी तुझी शाळा बंद करणार नाही." चाळीसेक पालक होते, अकरा जण उठले, त्यात बाप तीनच. एका आजीनं नातवाचा हात धरून म्हणताना तिला हुंदका आला आणि वाक्य अर्धंच राहिलं. त्या पोरीचा बाप मागं दाराजवळ उभा होता, तो काही बोलला नाही. सभा संपल्यावर सगळे गेले, तो थांबला, खिशातनं खताच्या दुकानाची पावती काढली, उलटी केली आन् माझा पेन मागितला. म्हणला, सर, त्यो लेकरांचा नंबर कोणता म्हणलाव तुम्ही?